थांबेलबाई

जहाजावरची निम्मी माणसं तिला थांबेलबाई म्हणत. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण तिला ठाऊक होतं, आणि ती मनावर घेत नसे. पर्यटकांचं भलं मोठं जहाज, तीन हजार माणसांचं, आणि त्यात पाचव्या मजल्यावर लिफ्टसमोर सहलींचं काउंटर. गेली चौदा वर्षं बाई त्या काउंटरमागे उभी. बंदर जवळ आलं की लोक तिच्यापुढे रांग लावत आणि फिरवून फिरवून एकच गोष्ट विचारत. जहाजाच्या सहलीनं जावं, की आपलं आपण हिंडून यावं?

बाईचं उत्तर पाठ होतं. "आमच्या बसनं गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबेल. आपले आपण गेलात तर थांबणार नाही. बघा बुवा, तुम्हीच ठरवा." एवढं म्हणून ती चष्म्यावरून असं काही बघायची की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे. माणूस निमूट सहलीचं तिकीट घेई, बसच्या नंबराचं गोल स्टिकर छातीवर चिकटवी आणि चालता होई. स्वयंपाकघरातली टवाळ मंडळी तिची हुबेहूब नक्कल करत. "बाई, लिफ्ट थांबेल का?" "बाई, माझी बायको थांबेल का?" सगळ्या जहाजभर तिचा थांबेल.

पण बाई थापा मारत नव्हती, हे मात्र खरं. मागे राहिलेली माणसं तिनं डोळ्यांनी बघितली होती. शिडी वर ओढलेली, दोर सुटलेले, आणि धक्क्यावरून एक नवरा-बायको हातात चपला घेऊन धावताहेत. वरच्या कठड्यावर प्रवासी टाळ्या पिटतात, मोबाइल काढून चित्रण करतात. त्या दोघांचे पासपोर्ट केबिनमधून काढून एका पाकिटात घातलेले असतात आणि ते पाकीट धक्क्यावरच्या माणसाच्या हातात. बायको मटकन खाली बसते. हे असं बाईनं नऊ वेळा पाहिलं होतं. त्यामुळे चौदा वर्षांत ती स्वतः कुठल्याही बंदरात एकटी शंभर पावलांपलीकडे गेली नव्हती. जग हिंडली म्हणायचं, पण सगळं बसच्या काचेतून.

तिचे बाबा दोरवाले. म्हणजे बंदरातले. जहाज धक्क्याला लागलं की मनगटाएवढा दोर लोखंडी खुंट्यात अडकवायचा, निघालं की काढून पाण्यात सोडायचा. चाळीस वर्षं हेच केलं. तळहाताला असा घट्टा पडलेला की लहानपणी त्यांनी गालावरून हात फिरवला की ती "बाबा, टोचतं" म्हणून पळायची. भोंग्याखाली उभं राहून राहून कान गेले ते गेलेच. ती जहाजावर नोकरीला निघाली तेव्हा घरात महिनाभर अबोला होता. "पोरीच्या जातीनं जहाजावर राहायचं?" यापुढे ते बोलले नाहीत. आणि तिचं पहिलं जहाज सुटलं त्या दिवशी खाली पाळी नेमकी बाबांची. ती कठड्यावरून हात हलवतेय, ओरडतेय. त्यांनी दोर काढला, पाण्यात सोडला, हातमोजे काढले आणि पाठ फिरवली. एकदाही वर बघितलं नाही.

त्यानंतर ती रजेवर चार-पाचदा घरी येऊन गेली. जेवणं झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पण तेवढं एक विचारायचं राहिलं. बाबा, वर का नाही बघितलंत? हसून विचारावं असं प्रत्येक वेळी ठरवायची आणि प्रत्येक वेळी भलतंच काहीतरी विचारून उठायची.

या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. बंदरापासून दोन तासांवर, डोंगरातल्या गावी, धाकटीच्या घरी होते. धाकटी म्हणजे बाईची पाठची बहीण, तीच सगळं करत होती. आणि त्याच सुमारास जहाजाचा मार्ग बदलला. एक नेहमीचं बंदर रद्द होऊन त्याजागी बाईचं स्वतःचं बंदर आलं. गुरुवार, सकाळी आठ ते दुपारी चार. कर्मचाऱ्यांनी तीनला परत.

फोनवर धाकटी म्हणाली, "ताई, काही कर पण सकाळी ये. सकाळी ते शुद्धीत असतात. दुपारचं औषध दिलं की मग काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात आठवडाही नाही. आणि फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. तुझी वाट बघताहेत गं."

बाईचे साहेब माणूस चांगला. त्यांनी आपणहून सांगितलं, "बाई, साडेआठला तुम्हाला सोडतो. सरळ टॅक्सी करा. साडेदहाला घरी, दोन तास वडिलांजवळ बसा, अडीचला परत."

"आणि उशीर झाला तर?"

"नाही होत हो."

"झाला तर, साहेब?"

नियम साहेबांनाही माहीत होता. कर्मचारी मागे राहिला की त्याचं नाव कायमचं कटतं. पण बाईला नोकरीची भीती होती असं कोणी म्हणू नका. तिला त्या धक्क्याची भीती होती. हातात चपला घेऊन धावणाऱ्या बाईची.

त्या दिवशीची सात नंबरची बस नेमकी त्याच गावी जाणार होती. आधी किल्ला, मग साडेअकराला डोंगरातलं गाव, बाजारचौकात चाळीस मिनिटं. धाकटीचं घर चौकापासून पाच मिनिटांवर. प्रत्येक बसबरोबर जहाजाचं एक माणूस असतंच. बाईनं यादीत सात नंबरपुढे स्वतःचं नाव लिहिलं. दोन तासांच्या जागी अर्धाच तास मिळेल, पण खात्रीचा. चौदा वर्षं लोकांना जे विकलं तेच तिनं स्वतः घेतलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

गंमत बघा. आदल्या दिवशी काउंटरवर एक तरुण जोडपं आलं होतं. त्यांनाही डोंगरातच जायचं होतं, पण टॅक्सीनं. बाईनं आपलं नेहमीचं ऐकवलं, नऊ वेळांचं वर्णनही केलं. पोरगी घाबरली, पण तो पोरगा हसून म्हणाला, "राहिलो मागे तर राहिलो. पोहत येऊ." बाईला असल्या बेफिकीर लोकांचा भारी राग.

गुरुवारी साडेआठला छातीवर सातचं गोल स्टिकर लावून बाई चढली आणि अडतीस माणसं घेऊन सात नंबर निघाली. किल्ल्यावर सगळे परतले, पण एक कॅमेरावाले गृहस्थ गायब. बाईनं सगळा किल्ला पालथा घातला. पंचवीस मिनिटांनी महाशय बुरुजामागून अवतरले. "उजेड फार सुंदर पडला होता," म्हणाले. त्यांना काय माहीत कुणाचा उजेड चाललाय ते! बाईनं पुन्हा माणसं मोजली. अडतीस.

सव्वाअकराला घाटात बस थांबली. पुढे मालट्रक आडवा झालेला. क्रेन येईपर्यंत मोठी गाडी हलायची नाही. डोंगराच्या बाजूनं जेमतेम एक छोटी गाडी जाईल एवढी फट होती, त्यातून स्कूटर, मोटारी एकामागून एक सटकत होत्या. बाई खाली उतरून रस्त्यात उभी. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होती. तेवढ्यात एक पिवळी टॅक्सी तिच्याजवळ थांबली आणि काच खाली झाली. तेच जोडपं.

"बाई! अडकलात?" पोरगी म्हणाली. "आम्ही वरच्या गावीच चाललोय. येता का? एक जागा आहे. वीस मिनिटांत पोचू."

अकरा चाळीस झाले होते. बारापर्यंत ती बाबांच्या उशाशी असती. दुपारचं औषध अजून दिलेलं नव्हतं.

बाईनं बसकडे बघितलं. काचांतून अडतीस तोंडं तिच्याकडेच बघत होती. कुणाला पाणी हवं, कुणाचा गुडघा धरलेला, कुणी विचारतंय जहाज चुकलं तर काय. आणि बाई म्हणाली, "नको. माझी माणसं आहेत."

अगं, तुझी माणसं? तुझं माणूस वर उशीला टेकून दाराकडे डोळे लावून बसलंय! ही अडतीस काय पाळण्यातली बाळं होती? बसमध्ये गाइड होता, ड्रायव्हर होता, नसता का एक तास सांभाळला त्यांनी कारभार? पण हे आता आपण बोलायचं. टॅक्सी फटीतून निघून गेली आणि बाई परत बसमध्ये चढली. माइक हातात घेऊन तिनं सांगितलं, "काळजी करू नका. जहाज थांबेल." सगळ्यांनी हुश्श केलं.

गावी पोचायला एक चाळीस झाले. गाइडला "दोन वीस" एवढंच सांगून बाई पळाली. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, अरुंद जिना. दार उघडंच होतं.

बाबा खिडकीपाशी खाटेवर होते. गुळगुळीत दाढी केलेली. अंगात धुतलेला निळा शर्ट, धक्क्यावरचा, कॉलरपाशी विरलेला. तोंड अर्धवट उघडं आणि श्वास घरघर वाजत होता.

"आत्ताच औषध दिलं," धाकटी म्हणाली. "सकाळी स्वतः सांगून दाढी करून घेतली. हा शर्ट मागितला. साडेबारापासून दुखायला लागलं गं. मी म्हटलं, ताई येतेय, थोडं थांबा. थांबले. दात आवळून थांबले. एक वाजला तेव्हा मात्र नाही सोसवलं. कुठे होतीस तू?"

"घाटात."

"घाटातून छोट्या गाड्या येत होत्या. आमचे हे बंदराकडून त्याच वाटेनं आले साडेबाराला."

खाटेच्या कडेला बसून बाईनं बाबांचा हात हातात घेतला. घट्टा कधीच गेला होता. तळहात मऊ पडला होता, परक्या माणसाचा असावा तसा. तिनं कानाशी तोंड नेलं आणि हाका मारल्या. "बाबा, मी थोरली. बाबा, आले मी." पापणीही हलली नाही. मग विचारायचं होतं तेही विचारलं, अगदी कानात, धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडली. घरघर चालूच होती.

दोन वीसला खालून बसचा भोंगा वाजला. दोन पंचवीसला पुन्हा. बाई उठली.

"जाऊ नकोस ना," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी जागे होतात कधी कधी."

"जहाज—" बाई म्हणाली आणि जिना उतरू लागली.

सात नंबर धक्क्यावर आली तेव्हा साडेचार वाजले होते. जहाज थांबलेलं होतं. का नाही थांबणार? शब्द होता. प्रवाशांनी वर चढताना बाईचे आभार मानले, कॅमेरावाल्यांनी तर हात हातात घेऊन. तेच पिवळ्या टॅक्सीतलं जोडपं केव्हाच येऊन वरच्या मजल्यावर आइस्क्रीम खात होतं. आणि मग कळलं, तीन नंबरची बस बागेच्या रस्त्याला बंद पडलीय. दुसरी बस पाठवलीय, सहा वाजतील. तोवर जहाज हलणार नाही, पण कर्मचाऱ्यांना आता खाली उतरायची परवानगीही नाही.

पाच वीसला कठड्याशी उभी असताना बाईचा फोन वाजला.

"जागे झाले होते," धाकटी म्हणाली. "चांगली दहा मिनिटं. पहिलंच विचारलं, थोरली आली का? मी म्हटलं, आली होती बाबा, तुमच्याजवळ बसली होती, हात धरून. तर म्हणाले, खोटं बोलू नकोस."

बाईनं कठडा धरला.

"मी शपथ घेतली. तुझं ते सात नंबरचं स्टिकर त्यांच्या शर्टाला चिकटलं होतं, तू डोकं टेकलंस तेव्हा. ते काढून दाखवलं. म्हणाले, असली स्टिकरं धक्क्यावर पायाखाली येतात, तुझ्या नवऱ्यानं आणलं असेल. मग भिंतीकडे तोंड केलं. ताई? ऐकतेस ना?"

त्यानंतर बाबा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, तेव्हा जहाज भर समुद्रात होतं.

पण ते नंतर. त्या गुरुवारी सहा दहाला तीन नंबरची माणसं आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिडी वर ओढली, भोंगा झाला. खाली एक दोरवाला खुंट्यापाशी आला. पन्नाशीचा असेल, ओळखीचा नव्हता. त्यानं दोर उचलला.

"अहो!" बाई वरून ओरडली. "अहो, वर बघा! वर बघा ना!"

सगळा मजला वळून तिच्याकडे बघायला लागला. साहेब धावत आले आणि त्यांनी तिचा दंड धरला. खालच्या माणसानं दोर पाण्यात सोडला, हातमोजे काढले आणि तो पुढच्या खुंट्याकडे चालू लागला.