एका शिवीचं भाषांतर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. वनितापाशी, म्हणजे बायकोपाशी, तर नाहीच. ती समोर भाजी निवडत बसली असली आणि बोलणं त्या बाजूला वळायला लागलं, की मी उठून गॅलरीत जातो. तुला सांगतोय. का सांगतोय ते विचारू नकोस — मलाच नीट माहीत नाही. मध्ये अडखळेन, तेवढं चालवून घे.

आधी एक सांगून टाकतो. सुतार सर कोच म्हणून सुमारच होते. हे मी आजही म्हणतो. उद्या समोर आले तरी... नाही, समोर आले तर तोंडातून शब्द फुटेल की नाही कुणास ठाऊक, पण सुमार होते. शारजातल्या ज्या कॉलेजात मी संध्याकाळचे वर्ग करून एमबीए झालो, तिथल्या फुटबॉल टीमचे ते कोच. टीम सलग सात मॅच हरली. सात! एका मॅचला तर त्यांनी गोल मारणाऱ्या पोराला मागं बचावाला उभा केला. का? तर म्हणे त्याचा गुडघा दुखत होता, पळणं कमी पडावं म्हणून. अरे, मग बाहेर बसवा की!

आमचा समर्थकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. माजी विद्यार्थी, काही पालक, दोन-तीन प्राध्यापक, मॅनेजमेंटमधले एक साहेब, आणि शाजीभाई. हे शाजीभाई केरळचे, कॉलेजसमोर त्यांचं कॅफेटेरिया. कॉलेजची पायरी शिकायला कधी चढले नाहीत, पण एक मॅच चुकवली नसेल. ग्रुपचा ॲडमिन मी. तुला हसू येईल, पण दिवसभर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर म्हणून खोकी मोजणाऱ्या माणसाला त्या ॲडमिनपणाचा केवढा माज असतो! ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं. ग्रुपवर मी लिहिलं की लोक हसायचे, अंगठे द्यायचे.

त्या सीझनला ग्रुपवर एकच विषय. कोच राहावा की जावा? अर्धे म्हणायचे, सीझन संपेपर्यंत थांबा. अर्धे म्हणायचे, ‘यल्ला, खलास, घरी पाठवा.’ त्या दुसऱ्या अर्ध्यांचा पुढारी मी. सरांच्या नावाचा खोटा बोर्डिंग पास बनवून मीच टाकला होता — दुबई ते कोल्हापूर, वन वे. काय वाजला होता तो ग्रुपवर! लोकांनी पुढं पाठवला, परत माझ्याकडंच तीन ठिकाणांहून आला. शाजीभाईंनी समजुतीनं लिहिलं, की मैदान आठवड्यातून दोनच दिवस मिळतं, तीन पोरं जखमी आहेत, माणसाला थोडा वेळ द्या. त्यावर मी काय लिहिलं ठाऊक आहे? ‘भाई, तुम्ही पराठ्याकडे बघा, करपतोय.’ त्याला धडाधड अंगठे पडले. मला वाटलं, जिंकलो.

आता खरी गोष्ट. म्हणजे तिच्या जवळ येतोय.

सुतार सर कोल्हापूरचे. आणि मी? मीसुद्धा तिथलाच, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावचा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. पेठेपेठेत टीम, त्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद. सर तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले. शारजातल्या रोल्ला बाजारात, एका दुकानात आमची पहिली भेट झाली. मी कांदा-लसूण चटणीचं पाकीट उलटसुलट बघत होतो, तेवढ्यात पाठीमागनं आवाज आला, ‘ती नको, पाव्हणं, नुसता रंग हाय तिच्यात.’ वळून बघतो तर कोच! गाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्या माणसानं भर दुकानात मला मिठी मारली. मी इकडंतिकडं बघत होतो, कुणी ओळखीचं आहे का.

तुला एक कबूल करतो, हा काही बचाव नव्हे. पंधरा वर्षं मी जिभेवरून ते गाव घासून काढत होतो. ऑफिसात इंग्रजी, कामगारांशी हिंदी, मराठी मंडळींत अगदी शुद्ध, पुस्तकातली. आणि हा माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून, अरबी, मलयाळी, पठाणी पोरांवर बिनधास्त कोल्हापुरीत ओरडायचा! पोरांना अक्षर कळायचं नाही, तरी ती हसत पळायची. मला मात्र प्रत्येक हाळीला वाटायचं की आता सगळे माझ्याकडं बघणार. राग यायचा. असला राग, की टीम हरली की आतून बरं वाटायचं. मी त्या टीमचा समर्थक, आणि मला हरल्याचं बरं वाटायचं — बघ आता!

आठव्या मॅचला इमाद नावाच्या पोराची मांडी लचकली. सिरियन पोरगा, एकोणीस वर्षांचा, टीममधला सगळ्यात हट्टी. लंगडत लंगडत पळतच राहिला. सर रेषेवरून ओरडले, ऐकेना. मग ते आत धावले, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला दाबून खाली बसवलं आणि ओरडले, ‘मुडदा बशिवला तुझा, खाली बस म्हनतोय न्हवं!’

बसवला, बूट काढला, मांडीला बर्फ लावला. स्वतःच्या हातानं. मी बघत होतो, वीस फुटांवर होतो.

पण कुणीतरी काढलेल्या क्लिपमध्ये बर्फ नव्हता. पंधरा सेकंदांची ती क्लिप — कोच पोराला खांदे धरून खाली दाबतोय आणि तोंड लाल करून ओरडतोय. ती ग्रुपवर आली, आणि खाली लगेच प्रश्न, ‘काय बोलतोय हा? कुणी मराठी आहे का?’

तू आमच्याकडचा नसशील तर तुला सांगायला हवं. ‘मुडदा बशिवला’ ही शिवी खरी, पण आमच्या भागात ती आई देते. पोरगं विहिरीत वाकून बघायला लागलं, तापात अनवाणी हिंडलं, जेवायच्या वेळी गायब झालं, की ‘मुडदा बशिवला तुझा, ये की हिकडं!’ माझ्या आईनं माझा मुडदा किती वेळा बसवला असेल! तिनं तो नाही बसवला त्या दिवशी मी समजायचो, आईचं काहीतरी बिनसलंय. त्या दोन शब्दांत धमकी नसते रे. जीव वरखाली झालेला असतो. हे मला कळत होतं का? मला नाही कळणार तर त्या वाळवंटात कुणाला कळणार?

आणि मी लिहिलं. इंग्रजीत. ‘ही सेज, आय विल सी युवर डेड बॉडी.’

झालं. एवढंच. ‘खाली बस’ मी गाळलं. मुडदा म्हणजे डेड बॉडी, तेवढं खरं होतं. बाकीचं मी घडवलं. चुकून नाही. घाईत नाही. एकदा लिहिलं, वाचलं, एक शब्द बदलला आणि मग पाठवलं. इथं साधी शिवी दिली तरी माणसावर पोलीस केस होते, धमकीचं तर विचारूच नकोस. हे माहीत असताना पाठवलं.

ग्रुपवर श्रेया म्हणून एक मुलगी होती, मराठीच, पण जन्म-वाढ शारजातली. तिनं विचारलं, ‘अंकल, मुडदा मीन्स डेड बॉडी, राइट? बट इज इट लाइक, सीरियस?’ बघ — त्या पोरीनं मला दार उघडून दिलं होतं! मी लिहिलं, ‘यस बेटा, व्हेरी सीरियस.’

मग काय, सगळे तुटून पडले. जे काल ‘सीझनभर थांबा’ म्हणत होते, तेच ‘हा माणूस पोरांजवळ नको’ म्हणायला लागले. शाजीभाईंनी तेवढं लिहिलं, की मी आठ वर्षं ह्यांना चहा देतोय, हे असं बोलणार नाहीत. त्यांना कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. मॅनेजमेंटचे साहेब ग्रुपवर होतेच. इमादनं सांगून पाहिलं म्हणे, की सर असंच बोलतात, मला काही वाटलं नाही. पण त्याला तरी मराठी कुठं येत होतं? दोन दिवसांत सरांना कामावर यायची बंदी आणि चौकशीची नोटीस. चौकशीत पुरावा काय? क्लिप, आणि तिच्याखालचं माझं भाषांतर. फक्त माझं नाव त्यावर नव्हतं, ‘ग्रुपमधील एका मराठी भाषकाने दिलेला अर्थ’ असं होतं.

पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

रविवारी सकाळी सुतार सर माझ्या घरी आले. बरोबर अर्धा किलो पेढे. ग्रुपवर ते नव्हते, भाषांतर कुणाचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपलं माणूस म्हणून त्यांना इथं एकच ठाऊक होतं — मी. वनितानं पोहे केले. सर म्हणाले, ‘वैनी, आता तुमीच सांगा, मुडदा बशिवला म्हंजे काय मी पोराला मारनार व्हतो व्हय?’ वनिता हसत सुटली. म्हणाली, ‘अहो, ह्यांच्या आईनं तर दिवसाआड ह्यांचा मुडदा बसवलाय!’ ते हसले. मीही हसलो. खरंच हसलो, तोंड भरून — ह्याची मला आजही शिसारी येते.

मग ते गंभीर झाले. म्हणाले, कोच म्हणून काढलं तर काढू देत, सात मॅच हरलोय, माझं चुकलंच. पण नोकरीबरोबर व्हिसा जातो, आणि माझ्या व्हिसावर बायको आणि पोरगी. पोरगी इथं बारावीला. मार्चमध्ये बोर्ड. मार्चपर्यंत तरी राहायला मिळालं पाहिजे. मग मला म्हणाले, ‘तुमी ह्याच कॉलेजचं पदवीधर. तुमचा शब्द चालंल. ह्या बोलण्याचा खरा अर्थ काय, एवढं दोन ओळीत लिवून द्या. बास.’

दोन ओळी. मी काय म्हणालो? ‘देतो की सर. त्यात काय!’ वनिता म्हणाली, ‘आजच द्या हो.’

तुला वाटेल, मी लिहायला बसलो आणि धीर झाला नाही. तसंही नाही. मी बसलोच नाही. लिहून दिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग परवा ग्रुपवर तू काय लिहिलंस? शाजीभाईंसमोर, श्रेयासमोर, सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो. एका बाजूला पोरीची बारावी, एका बाजूला माझी ग्रुपवरची पत. मी पत ठेवली. बुधवारी सरांचा फोन आला, तेव्हा सांगितलं, ‘दिलं सर लिहून. बघू म्हणालेत. इन्शाल्ला होईल काम.’ ते ‘लई उपकार झालं’ म्हणाले. वनितालाही तेच सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली.

काम झालं नाही. कसं होणार? डिसेंबरात तिघं परत गेले. पोरीला इथं एकटी ठेवायला कुणी नव्हतं, आणि गावाकडं मधूनच परीक्षेला कोण बसवून घेतंय? तिचं वर्ष गेलं. आईच्या माहेरी शिकवण्या घेते म्हणे आता, हे वनितानंच सांगितलं. ती आणि सरांची बायको अजून फोनवर बोलतात.

निघायच्या दिवशी दुपारी, एअरपोर्टवरून, सरांनी मला एक मोठा मेसेज पाठवला. श्रेयासारख्या कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतला असावा. सगळ्या समर्थकांची माफी मागितली होती, हरलेल्या मॅचेसबद्दल. इमादची मांडी बरी होईपर्यंत त्याला खेळवू नका, असं होतं. आणि शेवटी माझं नाव घालून लिहिलं होतं, की सगळे विरोधात असताना ह्या एका माणसानं माझ्या शब्दांचा खरा अर्थ कॉलेजला लिहून दिला, त्यांचा मी जन्मभर ऋणी आहे. खाली मराठीत एक ओळ, ‘एवढं ग्रुपवर टाका पाव्हणं, माझ्याकडनं.’

तो मेसेज मी टाकला नाही.

संध्याकाळी ग्रुपवर शाजीभाईंनी विचारलं, ‘कोच गेले. जाताना कुणाशी काही बोलले का?’

मग मी लिहिलं, ‘नो. नथिंग.’

कुणीतरी त्याखाली लिहिलं, ‘नॉट इव्हन अ गुडबाय. नो क्लास.’ त्याला मी अंगठा दिला.