पिशवी त्याची, ढोल माझा

बँडमध्ये पाइप वाजवायला मिळावा म्हणून मी नऊ वर्षं थांबलो आणि चौथ्या मजल्यावरचा पोरगा तीन महिन्यांत तिथे पोचला. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा बोललोय की मुलगी ते माझ्याच सुरात म्हणून दाखवते.

आमचा बँड म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमचा. दोहात आम्ही चौदा जण. भारतीय लष्करातून निवृत्त झालेले एक गढवाली सुभेदार हमद पोर्टवर सिक्युरिटीच्या कामाला आले ते काखेत पाइपची पिशवी घेऊनच. एकटं वाजवायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी माणसं जमवली. नेपाळी, मल्याळी, फिलिपिनो, आणि मराठी म्हणून मी. सगळ्यांनी एकमेकांना ‘भाई’ म्हणायचं, बोलावतील तिथे जायचं, फुकट वाजवायचं. रक्तदान शिबिर असो, शाळेचं संचलन असो, नाहीतर कामगारांच्या वसाहतीतले खेळ. आणखी एक रिवाज होता. भाईंपैकी कुणी कतार कायमचं सोडून निघाला, की त्याला दारापासून गाडीपर्यंत एकाने पाइप वाजवत पोचवायचं. एकानेच. ढोलबिल नाही. तो एक कोण, हे जाणारा ठरवणार.

आणि या मार्चमध्ये खुद्द सुभेदारसाहेबच निघणार होते.

तो एक मी असावा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यांच्यानंतर बँडमध्ये सगळ्यात जुना मीच. अडचण बारीकशी होती, ती म्हणजे मला पाइप येत नव्हता. पिशवी हातात यायच्या आधी नुसत्या नळीवर बोटं बसवावी लागतात. चँटर म्हणतात त्या नळीला. आठ महिने ती फुंकून झाल्यावर सुभेदारसाहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “भाई, आपका पेट अच्छा है. ढोल इसपर ठीक बैठेगा.”

तेव्हापासून ढोल. पण नळी मी सोडली नाही. रोज संध्याकाळी बाथरूममध्ये बसून वाजवायचो. बायको बाहेरून म्हणायची, “अहो, ती पुंगी बंद करा, वरची माणसं खाली येतील भांडायला.”

एक दिवस खरंच आला एक जण. चौथ्या मजल्यावरचा. आयटीवाला, दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आलेला, पुण्याचा. मी माफी मागायच्या तयारीत, तर हा म्हणतो, “काका, हे कसलं वाद्य? मला शिकायचंय.”

त्याला बँडमध्ये नेलं मीच. स्वतःच्या गाडीत बसवून, एसी फुल करून.

तीन महिन्यांनी पिशवी त्याच्या काखेत. बोटं अशी पळायची, जशी माझी फक्त मोबाइलवर पासवर्ड चुकल्यावर पळतात. वर स्वभावाने चांगला. हे तर मला अजिबात सहन होईना. बायको त्याच्यासाठी थालीपिठं वर पाठवू लागली.

“मला कधी एवढ्या लोण्याबरोबर वाढलीस का गं?”

“तुमचं कोलेस्टेरॉल बघा आधी. आणि तो एकटा राहतो हो.”

मुलगी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, यू आर सो जेलस.”

“जेलस कशाला? सिनिऑरिटीचा प्रश्न आहे.”

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी बिरकत अल अवामेरच्या वसाहतीत कामगारांचे खेळ होते. रस्सीखेचीच्या फायनलआधी आमचं वादन. मधल्या भागात बाकी सगळे थांबणार आणि पोरगा एकटा वाजवणार, साथीला फक्त माझा ढोल. लोकांना वाटतं बँडची चाल, म्हणजे वेग, पाइपवाले ठरवतात. ती ठरवतो ढोल.

मी चाल वाढवली. एवढीशीच. मग आणखी एवढीशी. त्याचे गाल लाल झाले आणि मला आतून गार वाटलं. आता दम तुटेल, आता पिशवी रेकेल, मग बघू सुभेदारसाहेब कुणाला निवडतात. पण झालं भलतंच. कडेचे कामगार टाळ्या वाजवू लागले, मग नाचायला उतरले. पोरगा माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला आणि आणखी जोरात फुंकू लागला. आता मला चाल कमी करता येईना, एवढी माणसं नाचत असताना करणार कशी? माझा खांदा भरून आला, तोंडाला फेस यायचा बाकी राहिला. शेवटी माझा चेहरा बघून त्यानेच आवरतं घेतलं.

वर माझ्या पायाही पडला. “काका, काय चाल धरलीत! तुमच्यामुळे रंग चढला. मला वाटलंच नव्हतं जमेल म्हणून.”

सुभेदारसाहेब जवळ आले. माझ्या ढोलाची सैल झालेली दोरी ओढून घट्ट केली आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, पाइप पोरगा वाजवेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “और मेरा सामान आप लाओगे, भाई.”

म्हणजे हमाली. निघायच्या दिवशी मी त्यांची कडक प्लास्टिकची मोठी बॅग ओढत मागे, पुढे ते, सगळ्यात पुढे पोरगा. जाताना दोन्ही बाजूंना बँडची माणसं उभी, त्यांत मोबाइल धरून माझी बायकोही. साहेबांच्या इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाइपचा आवाज असा घुमला की कुणाच्या तरी गाडीचा अलार्म सुरू झाला. पोरग्याने मागे बघितलं. सुभेदारसाहेबांनी त्याला सॅल्यूट केला. आणि पोरग्याचा श्वास अडकला. सूर खाली घसरला, पिशवी कण्हली, थांबली.

मला पहिल्यांदा काय वाटलं, ते खरं सांगतो. आनंद झाला. चांगला, भरपूर आनंद.

पण सुभेदारसाहेबही जागच्या जागी थांबले होते. रिवाजाप्रमाणे सूर नाही तर पाऊल नाही. पोरगा डोळे पुसतोय, पण त्याला तोंडात नळी धरवत नाही. कुणी हलेना. माझा हात कधी बॅगेवर पडला, मला कळलं नाही. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय. प्लास्टिकवर थाप चांगली बसते.

दोन-तीन थापा झाल्या असतील. सुभेदारसाहेब मागे न वळता म्हणाले, “इस बार धीरे, भाई.”

माझे कान तापले. म्हणजे त्या शुक्रवारीच त्यांनी सगळं ओळखलं होतं.

मी चाल कमी केली. अगदी सावकाश. पोरग्याने श्वास भरला आणि माझ्या थापेवर पाऊल टाकलं. मग सुभेदारसाहेबांनी.

बायकोने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत पोरगा पूर्ण दिसतो, सुभेदारसाहेब पाठमोरे दिसतात, आणि माझं फक्त कोपर. मी तो बऱ्याचदा बघतो. कोपर तालात आहे.