स्पॅनिश जहाजावरचे मावळे

स्पेनच्या युद्धनौकेवर मी अकरा मावळे आणि डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई फेविकॉलने चिकटवली, तेव्हा आपलं काही चुकतंय असं मला जराही वाटलं नव्हतं. उलट रांग सरळ आली म्हणून चष्मा कपाळावर सरकवून मी लांबून कौतुकाने बघत होतो.

माझी लेक समोर बसून समुद्राला निळा रंग देत होती. तिने मान वर केली.

"बाबा, हे कोण?"

"सैनिक."

"बट दे आर स्पॅनिश! पगडी कशी असेल? अँड हू इज दिस लेडी?"

"पाणी लागतंच की जहाजावर," मी म्हणालो.

यात माझी एक सवय आड आली. दर दिवाळीला इथे आखातातही, अल कुसैसच्या आमच्या बाल्कनीत आम्ही किल्ला करतो. गोणपाट, खालच्या नर्सरीतून आणलेली माती आणि पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेली मातीची चित्रं. ती वर्षभर कपाटावर बुटांच्या खोक्यात असतात. सैनिक हवेत म्हटल्यावर माझा हात आपोआप त्या खोक्याकडे गेला. डोक्याला विचारायचं राहून गेलं.

लेकीची शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची. त्यामुळे तिला पानिपत कुठे आहे ते माहीत नाही, पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेनचं आरमार इंग्लंडवर कसं चालून गेलं ते तोंडपाठ. वर्गात या लढाईचे देखावे करायचे होते आणि चिठ्ठ्या टाकल्यावर हिच्या वाट्याला स्पेन आला होता. "आम्ही हरतो," असं तिने पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं.

त्या शनिवारी दुपारी मी तिच्यासोबत बसलो होतो तो काही जहाजांसाठी नव्हे. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. रास अल खोरला एका मराठी शेठजींचं धान्य-मसाल्याचं गोडाऊन आहे, तिथे मी चौदा वर्षं सुपरवायझर. सोमवारी शेठजींनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "महिनाअखेर खलास. बंद करतोय." मी म्हणालो, "थँक्यू शेठ." का म्हणालो, ते अजून मला कळलेलं नाही. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. बायकोला मी हे सांगितलं ते फोनवर, कोथिंबीर आणू का असं विचारून झाल्यावर.

माझा व्हिसा नोकरीवर, त्या दोघींचा माझ्यावर. आठवडाभर ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, "इन्शाल्ला, बघू." शुक्रवारी आम्ही दोघांनी ठरवलं, परत जायचं. तेरा वर्षांच्या मुलीला सांगायचं कोणी, एवढंच उरलं होतं.

"तुम्ही सांगा," बायको म्हणाली. "गणपतीत चार घरं जमली की तुम्हालाच बसवतात ना मधोमध? तुम्हाला सांगता येतं."

सांगता येतं हे खरं. फोर्कलिफ्टवाल्याने मिरच्यांची पोती पाडली तेव्हा अख्खं गोडाऊन कसं शिंकत होतं, हे मी तासभर सांगू शकतो. पण सोमवारपासून माझ्या आत काही हलतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा मी सगळाच झालो होतो. जेवत होतो, हसत होतो, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणत होतो. थर्मोकोल कापताना ब्लेड बोटाला लागलं, तेही मला रंग लाल दिसला म्हणून कळलं.

मावळे उपटायला घेतले. फेविकॉल पक्कं वाळलं होतं. दोघांचे पाय जहाजावरच राहिले.

"राहू दे," लेक म्हणाली. "आय विल पेंट हॅट्स." आणि ती पगड्यांवर काळा रंग देऊ लागली. देता देता लढाई सांगत होती. तिची भाषा अशी की क्रियापद मराठी आणि बाकी सगळं इंग्रजी. स्पेनची जहाजं मोठी, अर्धचंद्राच्या आकारात यायची. इंग्रजांची छोटी, चपळ, लांबूनच तोफा मारून पळायची. मग एका रात्री इंग्रजांनी पेटती जहाजं वाऱ्यावर सोडून दिली. स्पॅनिश लोक घाबरले. नांगर ओढायला वेळ कुठला? त्यांनी दोरच कापले.

"मग हरले?"

"नॉट लाइक दॅट. लढाई झाली, पण जहाजं फार नाही बुडली. वारा होता ना, मागे फिरताच येईना. सो दे वेंट होम द लाँग वे. वरून, स्कॉटलंडला वळसा घालून. तिकडे वादळ आलं, अँड नो अँकर्स. बाबा, मोस्ट ऑफ देम घरी जाताना गेले."

एरवी असं काही ऐकलं की मला लगेच चार उपमा सुचतात. त्या दिवशी एकही नाही. मी एका शिडाची काडी सरळ करत होतो.

"बाबा, स्टँडसाठी अजून थर्मोकोल लागेल. नेक्स्ट सॅटर्डे गोडाऊनमधून आणशील?"

"गोडाऊन बंद होतंय," मी म्हणालो. "महिनाअखेरीला. माझं काम संपलं तिथलं. आपण परत जातोय. चिंचवडला, काकाच्या जवळ घर बघू."

एवढंच. ना सुरुवात, ना मध्ये विराम, ना शेवटी काही गोड. चार घरांसमोर हातवारे करणारा माणूस मी, आणि सामानाच्या यादीसारखं वाचून दाखवलं.

तिचा ब्रश थांबला नाही. एका मावळ्याची टोपी पूर्ण झाली.

"फॉर समर?"

"नाही. कायमचं."

"ओके." तिने पुढची टोपी रंगवायला घेतली. "एक्झिबिशन नेक्स्ट मंथ आहे."

"हो."

"आय वोंट बी हिअर."

"नाही."

"मग टीचरला विचारते, दुसरं कोणी प्रेझेंट करेल का." तिने रंगाची झाकणं एकेक करून लावली. निळ्याचं निळ्यावर, काळ्याचं काळ्यावर. "तिकडच्या शाळेत मराठी लिहावं लागेल?"

"लागेल थोडं."

"ओके," ती परत म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मी टेबलाशी बसून राहिलो. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तेही वाटेना. मग उठून बेडरूममध्ये गेलो. बायको इस्त्री करत होती. दुपारभर तेच दोन शर्ट करत होती बहुतेक.

"सांगितलं," मी म्हणालो. "छान घेतलं तिने. काही त्रास नाही, रडणं नाही. समजूतदार झालीय गं पोरगी."

बायकोने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

"हात धुवायला किती वेळ लागतो हो?" ती म्हणाली. "केव्हाचा नळ चालू आहे, ऐका. लहानपणापासून तशीच रडते ती, पाणी सोडून. आता जा, आणि दार वाजवू नका, समजवायला तर मुळीच जाऊ नका. बाहेर नुसते बसा. नळ बंद झाला की मला हाक मारा."