बेबाबाईचा पांढरा ढीग

मी मशीन चालवायचो, त्या चटईच्या कारखान्यात बेबाबाई सर्वांत जुनी. जळगावच्या एमआयडीसीत युनिट सुरू झालं, तेव्हा मागच्या खड्ड्यात कचऱ्याची पहिली पाटी आपणच ओतली, असं ती तोऱ्यात सांगायची. त्र्याण्णव साली तो खड्डा काठोकाठ भरला. लीलाधर शेठ म्हणाले, "आता खड्डा बंद. प्लास्टिकच्या पट्ट्यांचे तुकडे रंगवार निवडायचे, दळायचे आणि वितळवून त्यांचाच पुन्हा दाणा करायचा." निवडणाऱ्या बायकांवर एक मुकादम नेमायची होती. पांढऱ्या मालाला सर्वांत जास्त मागणी. जिचा पांढरा ढीग मोठा, ती मुकादम.

बेबाबाईने मनात मुकादमी घेऊनच टाकली होती. पण चोपड्याहून नुकत्याच आलेल्या लताबाईचा हात भलताच चपळ निघाला. शेठ लताच्या ढिगापाशी थांबले की बेबाबाईला खोकला यायचा. जेवताना लताने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पुढे केली, तर "ठेव तुन्ही तुलेच!" एकदा तर तिच्या बांगड्यांवरच घसरली.

"बांगड्या वाजाडीसन का ढीग मोठा व्हस?"

सगळ्या हसल्या. लताही हसली. ते बेबाबाईला जास्त झोंबलं.

त्या आठवड्यात बेबाबाईचा ढीग एकाएकी फुगला. शेजारच्या कारखान्याने कुंपणाबाहेर फेकलेले वायरिंगच्या पांढऱ्या पाइपचे तुकडे ती पदरात घालून आणत होती, दगडाने ठेचून ढिगात मिसळत होती. पांढरं ते पांढरं, प्लास्टिक ते प्लास्टिक. पण चटईचं प्लास्टिक ज्या उष्णतेला वितळतं, त्या उष्णतेला पाइपचं जळतं. शनिवारी मशीनमधून दाण्याऐवजी करपलेले गोळे पडू लागले. धुराने डोळे चुरचुरले. सगळा माल वाया गेला आणि बंद केलेल्या खड्ड्यावरच टाकावा लागला.

"कुणाचा माल होता हा?" शेठ गरजले.

मग लता पुढे आली. "शेठ, माझा आणि बेबाबाईंचा ढीग मिसळला होता. माझ्याकडूनच चुकलं असेल."

बेबाबाईने तोंड उघडलं नसतं, तर मुकादमी तिचीच होती. लता आपणहून बाजूला झाली होती. पण चूक अंगावर घेऊनही ही बाई मोठी ठरणार, हे बेबाबाईला सोसेना. ती पदर खोचून ताडकन उठली.

"तू कसाले मधमा पडस? बठ्ठा तुकडा मीच टाकेल शेतस. तुन्हा उपकार माले नको!"

बेबाबाईच्या या कबुलीने मुकादमी लताकडे गेली.

सोमवारी मी निवडायच्या जागी पाण्याचं घमेलं ठेवलं. चटईचा तुकडा पाण्यावर तरंगतो, पाइपचा बुडतो. लता एकेकीच्या पाटीतले तुकडे पाण्यात टाकून बघू लागली. बेबाबाईपाशी मात्र घुटमळली.

"अक्का, तुमनी ऱ्हाऊ द्या."

"का बरं? बठ्ठास्नी देखस ना? मन्ही बी देख."

बेबाबाईने अख्खी पाटीच घमेल्यात उपडी केली. पाणी लताच्या पायांवर उडालं. तुकडे सगळे तरंगले.

"नीट देख," ती म्हणाली आणि लता मान डोलवेपर्यंत कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.