रॉकेल मुरेपर्यंत

निवांत नानांच्या गॅरेजवर गाडी ढकलत आणलेल्या माणसाच्या कानावर पहिला शब्द पडे तो म्हणजे ‘बसा’. शिंदखेड्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याशी त्यांची पत्र्याची टपरी होती, आणि ‘निवांत’ हे नाव त्यांना फाट्यावरच्याच लोकांनी ठेवलेलं. तुम्ही आपलं ऊन, पायपीट, पुढच्या गावी खोळंबलेलं काम, काय हवं ते सांगा, नाना घाम खांद्याला पुसत म्हणणार, “बसा. मी बी बसस.” आणि खरंच बसत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खतांच्या दुकानांतून ऑर्डरी गोळा करत फिरायची माझी नोकरी होती. माझी सेकंडहँड मोटरसायकल अधूनमधून मला नानांच्या दारात आणून सोडायची. सुरुवातीला मला या माणसाचा भयंकर राग येई. आपला दिवस वाया चाललाय आणि हा गृहस्थ तंबाखू मळतोय, हे बघवत नसे.

पण मोडलेला बोल्ट काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. बोल्टचं डोकं तुटून धड आत अडकलं, की बाकीचे मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्या मागे लागत, बोल्ट ज्यांत फिरतो ते आतले आटेच फाडून ठेवत आणि वर गिऱ्हाइकालाच बोल लावत. नाना त्या तुकड्यावर रॉकेलचे थेंब सोडत, वरून हलक्या टिचक्या मारत आणि रॉकेल आत मुरेपर्यंत बाजूला होत. कोणी कुरकुर केली की म्हणत, “लोखंड बी थकस, भाऊ. त्याले दम खाऊ द्या. तुमले घाई शे, त्याले नई.”

थकलेले तर ते स्वतःच होते, हे मला उशिरा कळलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, धुळ्याला दवाखान्यात पडून होत्या. दिवसभर गॅरेज, संध्याकाळच्या एसटीनं धुळं, सकाळी पहिल्या गाडीनं परत, असं कित्येक महिने चाललं होतं. खांबाला टेकून त्यांचा डोळा लागलेला पाहून मी एकदा विचारलं, “नाना, झोपता तरी कधी?” “तुमनं रॉकेल मुरस तवलगून,” ते डोळे न उघडता म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्यावर चिडणं सोडून दिलं. मीही शेजारी पाय पसरून बसायला लागलो. दोघंही रस्त्यानं दमलेले, बोलायचं तरी काय!

मग एसटीचा संप झाला. नानांचं रोजचं धुळं बंद पडलं; खासगी जीपचं भाडं रोज परवडणारं नव्हतं. काकूंजवळ नानांचा मेहुणा होता, एवढाच काय तो आधार. त्याच दिवसांत माझ्या इंजिनाच्या हेडचा बोल्ट मोडला आणि मी पुन्हा त्यांच्या दारात आलो. नानांनी रॉकेल सोडलं. एवढ्यात समोरचा किराणावाला धावतच आला. फाट्यावर फोन तेवढा त्याच्याकडे होता. “नाना, धुळाथीन फोन उना. काकूनं काही खरं नई. लगेच निघा म्हने.”

सकाळची जीप निघून गेली होती, दुसरी एकदम संध्याकाळी. टपरीतल्या बाकी गाड्या खोलून पसरलेल्या. त्यातल्या त्यात उभी राहील अशी एकच, माझी. मी ओरडलो, “नाना, घाला घाव! फाटले आटे तर फाटू देत, माझी गाडी गेली खड्ड्यात!”

“आटा फाटना ते गाडी आठेच उभी राही,” नाना म्हणाले. “मंग मी कसा जासू?”

आणि ते बसले. तंबाखूची चंची उघडली नाही, खांबाला टेकले नाहीत. दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले होते. एकदा हात हातोडीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. इतका निवांत माणूस आतून असा जळताना मी कधी पाहिला नव्हता. शेवटी उठले, तुकड्याच्या कडेला छिन्नी टेकवली आणि उलट्या दिशेनं बारीक बारीक ठोके देत गेले. तुकडा हलला, फिरला, अलगद वर आला. आट्यांना ओरखडासुद्धा नव्हता. नवा बोल्ट बसला आणि आम्ही निघालो. धुळं येईपर्यंत ते माझे खांदे घट्ट धरून होते.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मेहुणा उभा होता. नानांना पाहून त्याला रडू कोसळलं. “आत्तेच, नाना... आत्तेच गयी.”

नाना तिथंच पायरीवर टेकले. ऑइलनं काळे झालेले हात मांडीवर तसेच उघडे पडले होते. घाई केली असती तर कदाचित पोचलोच नसतो, हे मला कळत होतं. तरी ते टपरीत बसणं माझ्या मनातून जाईना. नानांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे माझी जळगावला बदली झाली, तेव्हा मी निरोप घ्यायला फाट्यावर गेलो. एक अनोळखी माणूस मोडका बोल्ट घेऊन आला होता आणि समोरच्या हॉटेलात आरामात चहा पीत बसला होता. नानांनी रॉकेलच्या डब्याला हातही लावला नाही. थेट छिन्नी लावून दणादण घाव घालायला लागले.

न राहवून मी म्हटलं, “नाना, जरा मुरू तरी द्या. तो माणूस तर निवांत बसलाय.”

नानांनी मान वर केली नाही. “तो बसेल शे, भाऊ,” ते म्हणाले, “पन घरमा कोनीतरी त्यानी वाट देखत व्हई.”