रुईच्या खोलीतला अल्बम

आमचा बँड पंधरा वर्षांनी पुन्हा जमला तेव्हा तिघांचीही पोटं सुटली होती. मी ड्रमवाला, अमरावतीत नोकरी करणारा. गिटारवाला अकोल्याचा, त्याच्या घरात गाद्या भरण्याचा पिढीजात धंदा. आणि गाणारा हिवरखेडचा. कॉलेजात आम्ही थ्रॅश मेटल वाजवायचो. म्हणजे टिनावर गारा पडाव्यात तसे ड्रम, तितकीच सुसाट गिटार आणि त्यावर गळा फाडून ओरडणं. एक कॅसेटही काढली होती. तिच्यातली सगळी गाणी अणुयुद्धावर. अमरावतीवर अणुबॉम्ब टाकायला कोण रिकामं बसलं होतं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पुन्हा जमलो ते गाणाऱ्यामुळे. मधली वर्षं त्यानं ऑटोला भोंगा बांधून तेल्हारा तालुक्यात गावोगाव बियाण्यांची जाहिरात केली होती. पीक कसं भरघोस येईल ते ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. मग कापसाची वाईट वर्षं लागली, आणि ज्या गावांत तो ओरडून आला होता त्याच गावांतून मयतीच्या बातम्या यायला लागल्या. त्यानं काम सोडलं. त्याच सुमारास त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर बोलता येईल, पण ओरडणं विसरा. त्यानं मला फोन केला.

"आता कुठं खरं सांगाले काही हाय, तं गळाच चालला," तो म्हणाला. "त्याच्या आंधी एक अल्बम करून टाकू."

एवढंच होतं. त्याचा आवाज जायच्या आत पकडून ठेवायचा.

गाणी त्यानं वऱ्हाडीत लिहिली होती, आणि ती चांगली होती. मित्राचं कौतुक म्हणून सांगत नाही. वाचून मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या घरची कापूस साठवायची खोली रिकामी होती. सुट्टी काढून मी तिथं ड्रम मांडले, भाड्यानं माइक आणि कॉम्प्युटर आणला. दुसऱ्याच दिवशी सकाळी समोरच्या घरातल्या तरण्या माणसानं औषध घेतलं. आमच्याकडे औषध घेतलं म्हटलं की कुठलं, ते कुणी विचारत नाही.

समोरचं घर गाणाऱ्याच्या भावकीतलं. म्हणजे दहा दिवस सुतक, आणि वाजवणं बंद. ऑपरेशनची तारीख आठव्या दिवसाची, आणि ती पुढे ढकलायला डॉक्टर तयार नव्हते. अकोल्याला जाऊन रेकॉर्डिंग करावं, तर भावकीतला माणूस सुतकात गाव सोडून गाणं म्हणायला गेला, हे लोकांनी त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

तोडगा गिटारवाल्यानं काढला. त्याच्या दुकानामागे रुई पिंजायची मशीन होती आणि शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण खोलीत रुईचे ढीग असायचे. रुईतून आवाज बाहेर जात नाही, लिहून घे, असं त्यानं मला बजावलं. दुसऱ्या दिवशी मेटॅडोर भरून गाद्या आल्या. गावाला वाटलं, मयतीला आलेल्या पाहुण्यांसाठी आल्या. आम्ही वाटू दिलं. गिटारवाल्यानं त्या भिंतींना, दाराला, छताखाली टांगून एकमेकींना शिवल्या; फट म्हणून ठेवली नाही. नवरीच्या गादीलाही इतके सुबक टाके पडत नसतील.

मग तीन दुपारी, विजेची लाईन असेल तेवढा वेळ, आम्ही स्वतःला आत कोंडून घेतलं. मे महिना होता. नाकातोंडात रुई जात होती, अंगावरून पाण्यासारखा घाम निथळत होता. गिटारवाला मला वाजवायला सांगून बाहेर जाऊन आला आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून खूश झाला. आत मात्र काहीतरी चुकत होतं. माझे ड्रम पोत्यावर बुक्की मारल्यासारखे वाजत होते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानावर येईना, म्हणून तो आणखी जोर लावायचा. तिसऱ्या दिवशी तो थुंकला तेव्हा थुंकीत रक्त होतं. मी थांबलो. त्यानं हातानं खूण केली, चालू ठेव. मी चालू ठेवलं. मी त्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही, कारण अल्बम मलाही हवा होता. याची लाज मला अजून वाटते.

त्याचं ऑपरेशन झाल्यावर अमरावतीच्या एका स्टुडिओत आम्ही दोघांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. गोधडीत तोंड खुपसून कुणी भांडावं, तसं वाटत होतं. स्टुडिओवाल्यानं वरून कॉम्प्युटरनं घुमारा, म्हणजे भिंतींवरून परत येतो तसा आवाज, चढवून पाहिला, तर विहिरीत पडलेला माणूस हाका मारतोय असं वाटायला लागलं. गिटारवाला शेवटपर्यंत मान खाली घालून बसला होता.

"बाहेर जात नाही, एवढंच मले मालूम होतं," तो म्हणाला. "वापस बी येत नाही, हे नाही मालूम."

महिन्याभरानं मी ड्रम आणायला हिवरखेडला गेलो. गाणाऱ्याचा गळा आतून फार फाटला होता; बोलणंही नीट परत येईल की नाही, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. तो ओसरीवर बसला होता. तेवढ्यात समोरच्या घरातला म्हातारा, त्या गेलेल्या माणसाचा बाप, येऊन आमच्याजवळ टेकला. तुमी वाजवनार होते म्हने, असं त्यानं विचारलं. तुमच्या घरी तसं झालं म्हणून बंद ठेवलं बाप्पा, असं मी खोटंच सांगितलं.

"काहून बंद ठेवलं?" म्हातारा म्हणाला. "तेरा दिवस घरात कोनी तोंड उघडलं नाही. लोक येत, बसत, चालले जात. कोनी तरी बोंबलाले पायजे होतं."

हे तो माझ्याशी बोलत नव्हता. तो गाणाऱ्याकडे बघत होता. गाणाऱ्यानं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि नुसती हवा बाहेर आली.