सर्वांत कमी भाव

जयपूरच्या आमच्या बँकेत नागपूरकडचे एक साहेब आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते मोबाइलवर व्हिडिओ गेमच्या सवलती दाखवणाऱ्या वेबसाइट उघडतात. एक साइट उशिरा कळवते, दुसरीवरचे गेम भारतात चालतच नाहीत. म्हणून जुने भावही दाखवणाऱ्या तिसरीवर त्यांचा भरवसा. एकाच टीव्हीसमोर बसून दोघांनी खेळायचा एक गेम त्यांच्या बारावीतल्या मुलीने निवडला होता. साहेब त्याचा भाव उतरण्याची वाट बघत होते.

"सर, घेऊन टाका की आता," मी म्हणायचो.

"थांब रे भाऊ. मतलब, मागं याहून खाली गेला होता."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. असं थांबत थांबतच आम्ही वाढलो, त्यामुळे मला हसू येत नसे.

जुलैत मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली. काल साइटचा निरोप आला: आजवरचा सर्वांत कमी भाव. साहेबांनी डबा न उघडताच गेम घेतला.

"तुला येतं का रे खेळता?" त्यांनी थकल्या आवाजात विचारलं.

"नाही सर. रविवारी येतो, शिकवा."

"मला कुठं येतं? तीच शिकवणार होती."